हिवरसांगवी रोड : काल्पनिक खेड्यातलं नॅरोगेज स्टेशन मॉडेलमध्ये कसं बांधायचं

सोलापुरात आमच्या घरी दिवाणाच्या मागच्या भिंतीला लागून दीड मीटर लांब आणि 45 सेंटिमीटर रुंद अशी फळी आहे. तिच्यावर हिवरसांगवी रोड नावाचं स्टेशन आहे. गाव माझ्या मनातलं, स्टेशनही मनातलं. पण माढा-पंढरपूर भागातले वयस्कर पाहुणे पिवळा बोर्ड वाचून हमखास विचारतात, "हे कुठं आलं? मोडनिंबच्या पुढं का?" असं कुणी विचारलं की केलेल्या कामाचं चीज झालं असं वाटतं.

काल्पनिक स्टेशन म्हणजे वाटेल ते करायची मोकळीक, असं सुरुवातीला मीही समजत होतो. खऱ्या स्टेशनात चूक झाली तर निदान फोटो दाखवता येतो. काल्पनिक स्टेशनाला तो आधार नसतो, म्हणून तिथल्या प्रत्येक वस्तूला "तू इथं का?" या प्रश्नाचं उत्तर द्यावं लागतं. म्हणूनच रूळ विकत घेण्याआधी वही घ्या.

आधी गोष्ट, मग रूळ

आपल्याकडे या कामासाठी बार्शी लाईटसारखा दुसरा आधार नाही. एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंग्रज इंजिनिअरनं 1897 मध्ये बार्शी रोड, म्हणजे आजची कुर्डुवाडी, ते बार्शी अशी 2 फूट 6 इंच गेजची लाईन सुरू केली. ती 1906 मध्ये पंढरपूरला, 1911 मध्ये लातूरला आणि 1927 मध्ये मिरजेला पोचली. 1954 मध्ये ती सरकारच्या ताब्यात आली आणि पुढं टप्प्याटप्प्यानं ब्रॉडगेज झाली. हलके रूळ, एका आसावर पाच टनांपेक्षा जास्त भार नाही आणि जमिनीलगतचे प्लॅटफॉर्म, असं तिचं रूप. मॉडेल करणाऱ्याला यातली प्रत्येक गोष्ट सोयीची आहे.

माझ्या गोष्टीत मोडनिंबहून पश्चिमेला भीमेकाठापर्यंत एक छोटी लाईन फुटते आणि हिवरसांगवी रोडला संपते. साल 1965. ज्वारी, करडई आणि भुईमुगाच्या शेंगा बाहेर जातात; मीठ, रॉकेल, कापड, खत आत येतं. बाजाराच्या दिवशी माणसं वाढतात आणि वारीच्या दिवसांत डबे वारकऱ्यांनी भरून जातात. एवढं लिहून झालं की स्टेशनला काय हवं ते आपोआप ठरतं : एक प्लॅटफॉर्म, एक लूप (मुख्य रुळातून फुटून पुढं पुन्हा त्यालाच मिळणारा रूळ), एक मालधक्का, इंजिनासाठी पाण्याची टाकी. इंजिनाचं तोंड फिरवायचं टर्नटेबल नको, कारण टँक इंजिन, म्हणजे पाणी-कोळसा स्वतःच्याच अंगावर नेणारं इंजिन, उलटंही चालतं. ओव्हरब्रिज तर नकोच.

नावातला "रोड" मुद्दाम आहे. स्टेशनच्या नावापुढं रोड लागला की गाव तिथून लांब आहे हे आपल्याला कळतं. बार्शी रोड आणि बार्शी यांच्यात जसं अंतर होतं तसं. म्हणजे गाव बांधायची गरजच उरत नाही. एक बैलगाडीची वाट फळीच्या मागच्या कडेपर्यंत न्यायची, तिथं ती एका बाभळीआड वळवायची. बाकीचं गाव बघणाऱ्याच्या मनात उभं राहतं.

साल ठरवल्याचा फायदा पिकांतही दिसतो. आज त्या भागात जिकडंतिकडं ऊस आहे, म्हणून मी पहिल्यांदा उसाचा फड करायला घेतला होता. पण उजनी धरण पूर्ण झालं 1980 मध्ये. 1965 च्या माळावर विहिरीखालच्या तुकड्यात ऊस असेल तर असेल, स्टेशनच्या पाठीमागं नाही. ऊस काढून ज्वारीचं रान केलं आणि सगळं दृश्य खरं वाटू लागलं.

महिनाही ठरवा. मी माघी वारी उरकल्यानंतरचे दिवस धरले आहेत : ज्वारी काढून झालेली, रानात धसकटं, कडब्याच्या गंजी लागलेल्या, गवत वाळून पिवळं. महिना पक्का झाला की रंगाचे निम्मे प्रश्न सुटतात. हिरवा रंग फक्त लिंबाला आणि बाभळीला लागतो.

माप

2 फूट 6 इंच म्हणजे 762 मिलिमीटर. एचओ मापात सगळं 87 पट लहान असतं, म्हणून 762 ला 87 नं भागलं की 8.76 येतात. बाजारात एन गेजचा, म्हणजे एचओहून लहान मापाच्या मॉडेल गाड्यांचा, रूळ मिळतो तो 9 मिलिमीटरचा. म्हणजे एचओ मापाची, 1:87 ची, माणसं, गाड्या, झाडं आणि एन गेजचे रूळ असा जोड लावला की आपल्या नॅरोगेजचं माप जवळजवळ तंतोतंत जुळतं. या प्रकाराला एचओई म्हणतात. छोट्या एन गेज इंजिनाचं खालचं चाकांचं अंग वापरायचं, उदाहरणार्थ काटो या जपानी कंपनीच्या पॉकेट लाइनचं, आणि वर पुठ्ठ्याचं किंवा प्लास्टिक शीटचं आपलं अंग बसवायचं. रूळ आणि इंजिनाचं अंग बहुधा परदेशातून मागवावं लागतं. बाकी सगळं सोलापुरात मिळतं.

काही मापं भिंतीवर लिहून ठेवा. साडेपाच फुटी माणूस 19 मिमी. दोन मीटरचं दार 23 मिमी. बारा मीटरचा डबा धरला तर 138 मिमी. बारा मीटरचं लिंबाचं झाडही तेवढंच, 138 मिमी. यावरच सगळे फसतात. झाड डब्याच्या लांबीइतकं उंच करायला हात धजत नाही, मग स्टेशनशेजारी झुडपं उभी राहतात.

फळी आणि आखणी

वर्तमानपत्राचे कागद चिकटवून फळीएवढा मोठा कागद करा आणि सगळी आखणी खऱ्या मापात त्याच्यावर काढा. माझी आखणी अशी : डावीकडून गाडी आत येते, 12 सेंमीवर पहिला सांधा (रूळ दोन वाटांना फुटतो ती जागा), तो 14 सेंमीचा, मग 75 सेंमीची लूप, पुन्हा 14 सेंमीचा सांधा, त्यापुढं इंजिन सुटून उभं राहायला 15 सेंमी आणि शेवटाला मातीचा ढीग. उरलेली 20 सेंमी मोकळी जमीन. लूपमध्ये दोन्हीकडचे फाउलिंग मार्क (ज्याच्या पुढं डबा उभा केला तर शेजारच्या रुळावरची गाडी घासते ती खूण) सोडून 60 सेंमी हातात राहतात, त्यात तीन डबे आरामात बसतात. मालधक्क्याची साइडिंग, म्हणजे डबे उभे करायचा बाजूचा रूळ, लूपमधूनच फुटते.

शेजारशेजारच्या दोन लाईनींमधलं अंतर पुस्तकातून घेऊ नका. नॅरोगेजचा डबा रुळापेक्षा कितीतरी रुंद असतो. आपला सगळ्यात रुंद डबा पुठ्ठ्यातून कापा, दोन प्रती शेजारी-शेजारी ठेवा, बोट जाईल एवढी फट सोडा. माझ्याकडे मध्यापासून मध्यापर्यंत 40 मिमी झाले. वळण असेल तर त्रिज्या 23 सेंमीच्या खाली नको, आणि स्टेशन पूर्ण सपाट ठेवा, नाहीतर सोडलेले डबे घरंगळतात.

स्टेशनच्या डावीकडं 60 सेंमीची दुसरी फळी लागते. ती पाहुण्यांना दिसत नाही. तीच कुर्डुवाडी, तीच पंढरपूर, तेच बाहेरचं सगळं जग. तिच्यावर दोन रूळ असलेला सरकता ट्रे आहे, एका रुळावर पॅसेंजर, दुसऱ्यावर मालाचे डबे.

सांगाड्याला 6 मिमी प्लाय आणि खाली पाइनच्या पट्ट्या. फळी 75-75 सेंमीच्या दोन तुकड्यांत करून बोल्टनं जोडा, घर बदलताना जिन्यातून उतरवता येते. प्लायला दोन्ही बाजूंनी रंग द्या. एका बाजूनं दिला तर पावसाळ्यात ती वाकते. वर 25 मिमीचा घट्ट फोम लावला की ओढा, मोरी, बांध खाली कोरता येतात. फोमवर किंवा थर्माकोलवर पेट्रोलच्या वासाचा गम आणि स्प्रे पेंट चालत नाही, फोम विरघळून खड्डा पडतो. साधा फेविकॉल वापरा.

रूळ घालणं आणि सोलापूरचं ऊन

एन गेजच्या लवचिक रुळाचे स्लीपर, म्हणजे रुळाखालच्या आडव्या पट्ट्या, फार दाट असतात, ब्रॉडगेजची लहान आवृत्ती दिसते. पण त्यांची लांबी, सुमारे 16 मिमी, आपल्या नॅरोगेजच्या मापाला जवळ आहे. म्हणून एकाआड एक स्लीपर कापून काढायचा. धारदार कटरनं स्लीपरमधली जोडपट्टी कापा आणि उरलेले हातानं सारखे करा. एका मीटरला तासभर जातो. तो तास वाचवू नका, लाईन नॅरोगेजची वाटते ती इथंच.

रुळाची उंची कोडमध्ये सांगतात. कोड 80 म्हणजे 2 मिमी, कोड 55 म्हणजे 1.4 मिमी. बार्शी लाईटचे रूळ हलके होते, तेव्हा मिळाला तर कोड 55 घ्या. कोड 80 च असेल तर रुळाच्या दोन्ही बाजू गंजाच्या तपकिरी रंगानं रंगवा. नुसत्या रंगानं रूळ बारीक दिसायला लागतो.

आता आपल्या गावची गोष्ट. आमच्या वरच्या खोलीत मे महिन्याच्या दुपारी 43-44 अंश होतात आणि डिसेंबरच्या पहाटे 14-15. जवळजवळ 30 अंशांचा फरक. निकेल सिल्व्हरचा एक मीटर रूळ एवढ्या फरकानं सुमारे अर्धा मिलिमीटर वाढतो. ऐकायला काहीच नाही. पण डिसेंबरात टोकाला टोक भिडवून घातलेली माझी पहिली लाईन एप्रिलच्या शेवटी मधोमध कमानीसारखी उचलली गेली आणि चिकटवलेली खडी उखडून निघाली. तेव्हापासून नियम असा : थंडीत काम असेल तर प्रत्येक जोडात दोन व्हिजिटिंग कार्डं एकत्र धरून ती मावतील एवढी फट सोडायची, मेच्या दुपारी काम असेल तर टोकं भिडवली तरी चालतात. आणि सगळे जोड सोल्डर करायचे नाहीत. रूळ हलायला वाट राहू द्या, वीज वायरनं पोचवा.

वायरिंग

यात घाबरण्यासारखं काही नाही. 12 व्होल्ट डीसीचा कंट्रोलर, त्यातून दोन वायरी, एक लाल, एक काळी. रुळाच्या प्रत्येक तुकड्याला खालून स्वतःची लाल-काळी वायर सोल्डर करा, रुळाची टोकं जोडणाऱ्या जोडपट्टीच्या भरवशावर राहू नका. इंजिन सुटून उभं राहतं ते शेवटचं टोक आणि साइडिंग, या दोन ठिकाणी प्लास्टिकची जोडपट्टी घालून तो भाग वेगळा करा आणि साध्या बटणावर घ्या. म्हणजे एक इंजिन थांबवून दुसरं चालवता येतं.

सांधे हातानंच हलवावेत असं माझं मत आहे. खेड्यातल्या स्टेशनवर सांधेवाला हातानंच हलवायचा. फळीच्या पुढच्या कडेला स्लाइड स्विच, त्याला सायकलच्या चाकाची तार, तारेचं दुसरं टोक सांध्याच्या पात्याला, म्हणजे गाडीची वाट बदलणाऱ्या सरकत्या रुळाला. स्विच सरकवला की पातं सरकतं आणि त्याच स्विचच्या संपर्कातून फ्रॉगची, म्हणजे सांध्यात दोन रूळ एकमेकांना छेदतात त्या तुकड्याची, वीजही बदलते. एका कामात दोन.

खडी

इथं सावकाश वाचा. लेआउटची, म्हणजे फळीवरच्या सगळ्या मांडणीची, सगळ्यात जास्त नासाडी याच कामात होते.

खडी विकत घ्यायची गरज नाही. खडी क्रशरवरची कच आणा, आपल्याच काळ्या दगडाची असते, रंग जुळवावा लागत नाही. आधी पिठाच्या चाळणीनं चाळा, जाड भाग टाका. मग मैद्याच्या बारीक चाळणीनं चाळून भुकटी वेगळी करा. मधला जो दाणा उरतो तो साधारण अर्धा ते पाऊण मिलिमीटरचा, 1:87 ला बरोबर. धुऊन, उन्हात वाळवून घ्या.

आणि मग लोहचुंबक. आपल्या बेसॉल्टमध्ये चुंबकाला चिकटणारे कण असतात. मला हे माहीत नव्हतं. पहिल्या लेआउटवर खडी घातल्यावर दोन आठवड्यांत इंजिन कर्रकर्र करू लागलं, मग अडखळायला लागलं. उघडून पाहिलं तर मोटरच्या चुंबकाभोवती काळ्या केसांसारखा कणांचा झुबका उभा होता. बारीक चिमट्यानं एकेक कण काढताना दिवेलागण झाली. आता मी कच परातीत पसरतो, जुन्या स्पीकरचा चुंबक प्लास्टिकच्या पिशवीत घालतो आणि कचेवरून हळूहळू फिरवतो. पिशवीला काळी मिशी फुटते. परातीपासून लांब जाऊन चुंबक पिशवीतून बाहेर काढला की मिशी गळून पडते. असं पाच-सहा वेळा, पिशवी स्वच्छ निघेपर्यंत. काळी माती आणि वाळू यांनाही हेच करा.

आडगावच्या हलक्या लाईनवर स्वच्छ निळी खडी शोभत नाही. दोन भाग कचेला एक भाग चाळलेला मुरूम आणि चिमूटभर राख मिसळा. कोरडंच रुळांत पसरा, मऊ ब्रशनं सारखं करा, चमच्याच्या पाठीनं रुळावर हळू ठोका म्हणजे स्लीपरवरचे दाणे खाली बसतात. जेवढं नीट व्हायचं ते कोरडं असतानाच होतं. मग पाण्यात दोन थेंब भांडी घासायचं लिक्विड टाकून ते पाणी फवारा. खडी भिजून काळी झाली की एक भाग फेविकॉल, दोन भाग पाणी असं मिश्रण सिरिंजनं थेंब-थेंब सोडा. लिक्विडशिवाय सोडलं तर थेंब खडीवर गोळी होऊन बसतो आणि खड्डा पाडतो.

सांध्याच्या पात्याजवळ गम नेऊ नका. तिथं चार दाणे चिकटवले नाहीत तरी चालतं. वाळेपर्यंत दर अर्ध्या तासानं पातं इकडून तिकडं हलवत राहा. दुसऱ्या दिवशी रुळाचा वरचा माथा पुसून मगच इंजिन ठेवा.

जमीन

काळ्या रानासाठी खरी काळी माती घ्या. लोखंडी कढईत भाजा, किडा-बी मरतं. वस्त्रगाळ करून पाण्यात दाट कालवा आणि फोमवर फेविकॉलचा हात देऊन दोन मिमीचा थर लावा. वाळताना तिला केसासारख्या भेगा पडतात. खऱ्या रानातल्या हातभर लांब, बोटभर रुंद भेगा 87 पट लहान केल्या तर अशाच दिसतील. भेगा पडल्यावर वरून पातळ फेविकॉल फवारून त्या कायम करा. सगळीकडं मात्र ही माती लावू नका. स्टेशनचं आवार मुरमाचं, बैलगाडीची वाट फुफाट्याची, फिकी.

वाळलं गवत काथ्याचं आणि सुतळीचं. सुतळी उसवून 4-5 मिमीचे तुकडे करा, चिमटीत धरून उभे रोवा. सुतळीच्याच लहान पेंढ्या बांधून गंज रचली की ती कडब्याची गंज, रंगही द्यावा लागत नाही. लिंबाला जुन्या मोटरची तांब्याची तार पिळून खोड-फांद्या करा, लाकडाच्या भुशात फेविकॉल कालवून साल लावा, पाला रंगवलेल्या बारीक स्पंजचा. बाभळीला पाला अगदी विरळ ठेवा, आरपार आभाळ दिसलं पाहिजे.

आणि जागा मोकळी सोडा. माझ्या फळीचा तिसरा भाग नुसता माळ आहे, त्याच्यावर एक वाट, दोन दगड आणि एक शेळी. हात शिवशिवतो, इथं विहीर करू, तिथं देऊळ करू असं वाटतं. माळाला माळ राहू द्या. मागचा पडदाही साधा : वर फिकं निळं, क्षितिजाजवळ धुळकट पांढरं, डोंगर नाहीत.

इमारत, बोर्ड, सिग्नल

स्टेशन दोन खोल्यांचं : मास्तरांची खोली आणि तिकीट खिडकीसमोर ओसरी. सहा मीटर बाय चार मीटर म्हणजे 69 बाय 46 मिमी. एक मिमीच्या पुठ्ठ्यावर बोथट पेनानं दगडांच्या रेघा दाबा, काळपट करड्या रंगाच्या तीन छटा एकेका दगडाला द्या, शेवटी पातळ चुन्याचा रंग फिरवून पुसा, तो रेघांत बसतो.

छपराच्या पन्हाळी पत्र्यासाठी एम-5 चा लांब आट्यांचा रॉड घ्या. त्याच्या आट्यांचं अंतर 0.8 मिमी. मऊ रबरावर अॅल्युमिनियमची फॉइल ठेवून रॉड दाबून फिरवला की खऱ्या पत्र्याच्या मापाच्या नाळी उमटतात. 28 बाय 9 मिमीचे पत्रे सुटे कापून एकावर एक किंचित चढवत लावा. एखादा पत्रा जास्त गंजलेला, एखादा नवा.

बोर्ड पिवळा, अक्षरं काळी, वर मराठी, मग हिंदी, मग इंग्रजी, खाली समुद्रसपाटीपासूनची उंची. आपल्या भागाची जमीन साडेचारशे ते पाचशे मीटरच्या दरम्यान आहे, मी 480 मी. लिहिलं आहे. प्लॅटफॉर्म रुळापेक्षा 3-4 मिमीच उंच, कडेला दगड.

सिग्नल एकच पुरे, गाडी आत येते तिथं. लाल हात, त्याच्यावर पांढरा पट्टा. आडवा असेल तर थांबा, खाली पडला तर या. जुनी माणसं गाडी यायची असली की "सिग्नल पडला" म्हणतात ते यावरूनच. हात वर जाणारा सिग्नल लावला तर ते बोलणं खोटं ठरेल.

माणसं सुटाबुटातली मिळतात. टिशू पेपरची बारीक पट्टी फेविकॉलमध्ये भिजवून डोक्याला गुंडाळली की पटका होतो, पायांभोवती लावली की धोतर. आठ-दहा माणसं पुष्कळ झाली, त्यातली बरीच बसलेली आणि लिंबाच्या सावलीत.

गाडी चालवणं

आमच्याकडे रोज संध्याकाळी एक मिक्स्ड गाडी येते, दोन पॅसेंजर डबे आणि एक मालाचा डबा. सिग्नल पाडायचा, गाडी प्लॅटफॉर्मला घ्यायची. इंजिन सोडून पुढं न्यायचं, सांधा बदलायचा, लूपमधून मागं आणून दुसऱ्या टोकाला जोडायचं. मालाचा डबा मालधक्क्याला लावायचा, कालचा भरलेला काढायचा. एवढ्या कामाला पंधरा-वीस मिनिटं लागतात, इंजिन चालण्याच्या वेगानं चालवलं तर. यापेक्षा जोरात चालवू नका, फळी लगेच आखूड वाटायला लागते.

चालवण्याआधी आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवलेल्या सुती चिंधीनं रूळ पुसायचे. काम झालं की लेआउट झाकायचा, आपल्याकडे धुळीला तोटा नाही. झाकायला टॉवेल किंवा चादर घेऊ नका. घरात दोन्ही भरपूर असतात, पण त्यांचे तंतू सुटून आसाला गुंडाळले जातात. जुनी गुळगुळीत साडी किंवा प्लास्टिकचा कागद बरा, आणि तो झाडांवर टेकू नये म्हणून चारी कोपऱ्यांना 20 सेंमी उंचीच्या काठ्या लावा.